पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहावी

आपल्या बेटावर घरी कुत्रा पाळणे नवे नाही. नवे आहे ते फोनवर फोटो पाहून आगाऊ रक्कम देणे. ही चूक आम्हीही केली. मुलांच्या हट्टापायी लॅब्रेडोरचे पिल्लू न पाहताच ठरविले. विकणाऱ्याने ते रस्त्यावरच हाती दिले. वय ८ आठवडे सांगितले. पशुवैद्यांनी दात पाहून जेमतेम ५ ठरविले. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागली. पार्व्हो रोगाने ते गेले. मुलांना काय सांगावे, हे आम्हाला सुचेना.

वाचकहो, खाण तशी माती. पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या घरी जावे व पिल्लू आईसोबत पाहावे. आई रोगट वा फार भित्री असेल, किंवा तिला दाखविण्यास टाळाटाळ होत असेल, तर परत फिरावे. ८ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. लशींचे कार्ड मागावे. एका लशीने भागत नाही. १६ आठवड्यांचे होईपर्यंत पुढच्या लशी द्याव्या लागतात.

चांगला विकणारा आपल्यालाही प्रश्न विचारतो. अंगणाला कुंपण आहे का? दिवसा घरी कोण असते? त्याचा राग मानू नये. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. वाक्वा असो वा कास्काव्हेल, रस्त्यावर भटकणारे कित्येक कुत्रे एकेकाळी कोणाच्या तरी घरचे लाडके पिल्लूच होते.

मुलांचा हट्ट महिनाभर थांबू शकतो. आपण तो थांबवावा.