टाके घालून घरी पाठवू नका

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि आरोग्य खात्यातील वरिष्ठ अधिकारी,


रात्री दोन वाजता अपघात विभागात विशीतली मुलगी येते. हातावर स्वतःच करून घेतलेल्या जखमा, सोबत खाली मान घातलेली आई. ड्यूटीवरचं कुणीतरी म्हणतं, "आली परत! हिची नाटकं." टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, सकाळी सुट्टी. समुपदेशक म्हणून अशा मुलींशी माझी गाठ पडते ती यानंतर, आणि तीही घरच्यांनी आणलं तरच.

यातल्या बऱ्याच जणींना बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं अवघड करणारा विकार, असतो. 'हिला दुसऱ्याचं काही पडलेलंच नाही' ही घरच्यांची ठरलेली तक्रार. मला दिसतं ते वेगळं. एकदा माझं डोकं दुखत होतं, कपाळाला आठी पडली असणार. समोरची मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, कंटाळलात ना मला?" आठी तिला बरोबर दिसली होती, कारण मात्र तिने स्वतःच्या भीतीतून लावलं. पुढचे पाच दिवस तिने फोन उचलला नाही.

यामागे मेंदूचं काम आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की या विकाराची लक्षणं ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात सहानुभूतीशी निगडित मेंदूचे काही भाग कमी सक्रिय होतात. (अभ्यास लक्षणांचा होता, निदान झालेल्या रुग्णांचा नव्हे, हेही सांगायला हवं.) पण मेंदू आहे तसाच राहत नाही. वर्षभर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी घेतलेल्या, औषधं न घेणाऱ्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, भडक प्रतिक्रिया सौम्य झाल्याचं 2014 च्या एका अभ्यासात आढळलं. ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होत्या. 2011 मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाच्या 290 रुग्णांच्या पाठपुराव्यात दहा वर्षांत 93 टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली राहिली. नोकरी, नाती यांची घडी मात्र निम्म्यांचीच नीट बसली. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या उरलेल्या निम्म्यांबद्दल.

या विकारावर खास असं औषध नाही. आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक गटवर्ग, संताप आणि भीती आवरण्याचा सराव, आणि हे किमान वर्षभर, असा डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा उपचार आहे. पुण्या-मुंबईत ज्याच्या खिशाला परवडतं त्याला तो मिळेलही. गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या मुलीने काय करायचं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 तुम्हाला ठाऊक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नको, एवढंच ते सांगत नाही. त्या व्यक्तीला उपचार आणि पुनर्वसन देणं, पुन्हा तशी वेळ येण्याचा धोका कमी करणं, हे सरकारचं कर्तव्य आहे असंही त्यात लिहिलं आहे. टाके आणि चार गोळ्यांत ते कर्तव्य पार पडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या उपचाराचं प्रशिक्षण घेतलेले दोन मानसतज्ज्ञ आणि आठवड्याला एक मराठी गटवर्ग द्या. अपघात विभागातून अशी मुलगी घरी जाण्याआधी तिच्या हातात पुढच्या भेटीची तारीख पडली पाहिजे, असा आदेश काढा. त्या आदेशाला तर पैसेही लागत नाहीत. तो याच महिन्यात काढा.

आपली,
एक समुपदेशक