छंदालाही एक घाट हवा

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याच्या नावेची मोटर जळाली. जुन्या खेळण्यातून काढलेली ती मोटर त्याने हातभर लांबीच्या लाकडी नावेत बसविली होती. वेग वाढावा म्हणून मूळचा पंखा काढून त्याने दुप्पट मोठा पंखा लावला. नाव गावच्या तळ्यात चार हात गेली, थांबली आणि जळका वास आला. पंखा मोठा झाला की पाण्याचा भार वाढतो, मोटरचे फेरे मंदावतात, ती अधिक वीज ओढते आणि तापते. बाकीचे घटक तसेच ठेवून एकच वाढवीत गेल्यास काय होते, हे मी फळ्यावर आकृत्या काढून वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. त्या मुलाला घटत्या फलाचा सिद्धान्त पाच मिनिटांत उमगला.

असल्या उद्योगांनी पोट भरते काय, असे पालक विचारतात. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हौदातली छोटी नाव तारेवाचून, रेडिओलहरींनी चालवून दाखविली, हे उत्तर देता येईल. परंतु प्रत्येक छंदाला उपयुक्ततेचा दाखला मागणे हीच मूळ चूक होय. केन्सने 1930 साली लिहिलेल्या एका निबंधात शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तासच काम पुरेल, असे भाकीत केले. ते खरे ठरलेले नाही. मात्र त्याने विचारलेला प्रश्न, मिळालेल्या फुरसतीचे माणूस करणार काय, आज अधिकच बोचतो. आपण ती फुरसत तयार करमणूक विकत घेण्यात घालवितो. वस्तू बिघडली की टाकून देतो. ती का बिघडली, हे उघडून पाहत नाही.

एकट्याने केलेला छंद लवकर सुकतो. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील नमुना-नावांच्या हौशी मंडळाची स्थापना 1904 सालची आहे. सार्वजनिक तळे आणि ठरलेला रविवार, एवढ्या भांडवलावर अशी मंडळे उभी राहतात. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजांचे नमुने बनविण्याची स्पर्धा असते. पण ती छात्रांपुरती. इतरांनी जावे कोठे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या गावात तळे आहे, तेथील नगरपालिकेने पावसाळ्याचे महिने सोडून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तास एक उथळ घाट हौशी मंडळींस मोकळा करावा. नावा बॅटरीवर चालणाऱ्याच असाव्यात. मुलांबरोबर वडीलधारे असावेत. शाळेतील शिक्षकाने हत्यारांची पेटी आणावी, कचेरीतील कारकुनाने आपली बंद पडलेली मोटर. बक्षिसे नकोत. ज्याची नाव बुडाली, त्याने ती का बुडाली हे सर्वांना सांगावे, एवढाच नियम पुरे.

हौसेला मोल नसते, अशी म्हण आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ती पटणे कठीण. मोल असते, येथे ते एका परवानगीपत्राइतके आहे. त्या विद्यार्थ्याने आता लहान पंखा आणि दुसरी मोटर बसविली आहे. ती चालते की नाही, हे अद्याप कळलेले नाही. कारण गेल्या रविवारी पहारेकऱ्याने त्याला तळ्यावरून परत पाठविले.