‘टाकी साफ करणारा मासा’ घेताय? आधी विचारा, तो मोठा किती होतो!

सकर मासा नको, बुटका कोरी चालेल. पण तोही सफाई कामगार नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्याची तयारी त्याला आणण्याआधी करावी लागते.

घरात पहिल्यांदा फिशटँक येतो तेव्हा गोल्डफिश, गप्पी, मॉली यांच्यासोबत दुकानदार हमखास आणखी एक मासा सुचवतो. "एक सकर टाका, टाकी साफ राहील." काचेला तोंड चिकटवून बसलेला, दोन इंचांचा काळपट मासा असतो. स्वस्त, चिवट आणि वरून साफसफाई करणारा म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

माझं मत सरळ आहे. घरगुती टाकीसाठी सकर विकूही नये आणि घेऊही नये. तळाशी वावरणारा मिशीवाला मासा हवाच असेल, तर जन्मभर इंच-सव्वा इंचाचा राहणारा बुटका कॅटफिश हा योग्य पर्याय आहे. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्याचा एक धागा थेट उजनीपर्यंत जातो.

सकर म्हणजे नेमका कोण?

कॅटफिश म्हणजे मिशा असलेल्या माशांचा मोठा गट. आपल्याकडचे मांगूर आणि शिंगाळा त्यातलेच. दुकानातला सकर मात्र दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याचं शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, परांना टणक काटे आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळण्याची सोय, असं हे दणकट काम आहे.

अडचण त्याच्या वाढीची आहे. हा मासा दीड फुटाच्या आसपास जाऊ शकतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. आपल्या घरांत सर्रास दिसणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. म्हणजे रुंदी तीस सेंटिमीटर आणि मासा चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचा. त्याला सरळ वळायलाही जागा उरत नाही. विकताना तो दोन इंचांचा असतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग टाकी कोण साफ करतं?

कुठलाच मासा नाही. हा हिशेब साधा आहे. टाकीत आपण जेवढं खाद्य टाकतो, त्याचा काही भाग माशाच्या अंगी लागतो आणि बाकीचा विष्ठा व अमोनियाच्या रूपात पाण्यातच राहतो. सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो हे खरं, पण तोही खातो आणि भरपूर घाण करतो. काच स्वच्छ दिसते, पाणी मात्र बिघडत जातं.

खरी सफाई फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू करतात. ते विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे तुलनेनं सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी आणलेले मासे आठवडाभरात का मरतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. शेवटी उरणारं नायट्रेट बाहेर काढण्याचा घरगुती उपाय एकच, दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं.

टाकीतून उजनीत

सकर मोठा झाला, टाकी लहान पडली किंवा मे महिन्यात गावी जायचं ठरलं, की मासा 'सोडून देऊ' असा विचार येतो. जवळच्या तळ्यात किंवा नदीत. मारण्यापेक्षा सोडणं पुण्याचं, अशी भावना त्यामागे असते. ती प्रामाणिक असली तरी परिणाम वाईट होतो.

उजनीच्या जलाशयात सकर मासा जाळ्यात येत असल्याच्या तक्रारी मच्छीमार गेल्या काही वर्षांपासून करत आहेत. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगालचे जलाशय आणि वाराणसीजवळची गंगा इथेही तो सापडला आहे. दक्षिण अमेरिकेतला मासा इथवर पोहून आलेला नाही. शोभेच्या माशांच्या व्यापारातूनच तो देशात आला.

तो केवळ सोलापूरकरांनी सोडला असंही नाही. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत येतं. वरच्या अंगाला एखाद्या नाल्यात सोडलेला मासा खाली इंदापूर-करमाळ्याच्या जाळ्यात सापडू शकतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, अडकलेला मासा सोडवता सोडवत नाही आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. अंडी घालायला तो काठाच्या मातीत खोल बिळं करतो, त्यामुळे काठ ढासळतात. आपल्या टाकीतली अडचण आपण दुसऱ्याच्या रोजीरोटीत सोडून देतो, असा हा प्रकार आहे.

बाहेरचा मासा एकदा स्थिरावला की मागे जात नाही, हे उजनीकाठाला वेगळं सांगायला नको. जाळ्यात सर्रास येणारी चिलापी, म्हणजे टिलापिया, मूळची आफ्रिकेची आहे. भारतात ती 1952 मध्ये आणली गेली. चिलापीला निदान भाव मिळतो. सकरला तोही नाही.

बुटका कॅटफिश कोणता?

कोरिडोरस, दुकानातल्या भाषेत 'कोरी'. यातल्या तीन जाती खऱ्या अर्थानं बुटक्या आहेत: पिग्मिअस, हॅब्रोसस आणि हॅस्टॅटस. पिग्मिअसच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते. हॅस्टॅटसच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो. हॅब्रोससच्या अंगावर तुटक ठिपके दिसतात. तिन्ही साधारण दोन ते तीन सेंटिमीटरचे. कोरी कुळाची शास्त्रीय पुनर्मांडणी 2024 मध्ये झाली आणि अनेक जातींची नावं बदलली. दुकानात मात्र जुनीच नावं चालतात.

हे मासे घोळक्यात राहतात. एक-दोन आणले तर ते कोपऱ्यात दडून बसतात. आठ-दहा आणले तर त्यांचा खरा स्वभाव दिसतो. पिग्मिअस आणि हॅस्टॅटस तर तळ सोडून मधल्या पाण्यातही थव्यानं फिरतात. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच टाकीत सुमारे 42 लिटर पाणी मावतं. एका घोळक्याला तेवढं पुरतं. काचेचा गोल बाऊल चालत नाही.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. हे मासे मिशांनी वाळू चाळून खाणं शोधतात. टोकदार, रंगीत खड्यांवर त्या मिशा झिजतात. खाणंही वेगळं द्यावं लागतं, कारण ते शेवाळ खात नाहीत आणि वरच्या माशांच्या उष्ट्यावर जगत नाहीत. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या बारीक करून, दिवे मालवल्यावर टाकाव्यात. सोबतीला गप्पीसारखे लहान, शांत मासे ठेवावेत. एंजल किंवा ऑस्कर नको, तोंडात मावेल ते ते गिळतात.

कोरी मध्येच सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो. घाबरू नका. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून शोषतो. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. मात्र सगळेच मासे सतत वर येऊ लागले तर पाणी बिघडलंय किंवा तापलंय असं समजावं.

सोलापूरचं पाणी चालेल?

चालेल, पण आपल्या पाण्याचं वेळापत्रक लक्षात घेऊन. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. घराघरांत पिंप भरून ठेवलेले असतात. ही गैरसोय माशांच्या मात्र पथ्यावर पडते. उघड्या पिंपात दिवस-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. धोका असतो तो पाणी येण्याच्या दिवशी. नळाला धार आहे तोवर टाकी धुऊन घ्यावी, म्हणून अनेक जण त्याच दिवशी टाकी रिकामी करतात, फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतात आणि ताजं पाणी थेट भरतात. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि स्पंजमधले जिवाणूही मारतो. पाणी पिंपातलं शिळं वापरा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. ताजं पाणी वापरायची वेळ आलीच तर अँटीक्लोरीनचे थेंब आधी टाका.

बोअरचं पाणी वेगळी गोष्ट. बादलीवर, गिझरवर पांढरा थर चढत असेल तर ते पाणी जड आहे. कोरी मूळचा हलक्या पाण्यातला. अशा घरांत नळाचं पाणी वापरावं किंवा बोअरच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळावं. नुसतं आरओचं पाणी मात्र नको, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

दुकानांत प्रत्येक आजारावर 'मीठ टाका' हा सल्ला मिळतो. कोरीला मीठ सोसत नाही. आधी पाणी बदला, औषधाचं नंतर बघा.

खरी परीक्षा मे महिन्यात

बुटक्या कोरीला 22 ते 26 अंश तापमान मानवतं. सोलापूरचा पारा मे महिन्यात 43 अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीतली टाकी तिशी सहज ओलांडते. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकं त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो.

उपाय आपल्याकडेच आहे. इथे डेझर्ट कूलर ज्या कारणानं चालतो, त्याच कारणानं टाकीही थंड होते. हवा कोरडी असल्यानं बाष्पीभवन वेगानं होतं. झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकतं. यात एक मेख आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रोज वरून बोअरचं पाणी भरत राहिलात तर टाकी दर आठवड्याला जड होत जाते. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायला आरओचं पाणी वापरा आणि ठरलेला पाणीबदल चुकवू नका.

टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी थेट भरू नका. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या. आणि सुरुवात एप्रिलमध्ये करू नका. टाकी दिवाळीनंतर लावा, जिवाणू तयार होऊ द्या, मासे जानेवारीत आणा. उन्हाळा येईपर्यंत तुमचाही हात बसलेला असेल. एवढं करणं शक्य नसेल तर कोरीचा मोह सोडून गप्पी पाळावेत. तेही सुंदर असतात आणि गरम, जड पाणी जास्त सोसतात.

'एका माशानं काय होतं?'

विक्रेत्यांची बाजू अशी की गिऱ्हाईकच सकर मागतं, कोरी महाग पडतो आणि प्रवासात दगावतो. यात तथ्य आहे. पण गिऱ्हाईक सकर मागतं ते 'टाकी साफ करतो' असं त्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं म्हणून. 'वाढ दीड फूट' असं काचेवर लिहिलं, तर किती जण घेतील?

नियमांचं म्हणाल तर केंद्रानं 2017 मध्ये अ‍ॅक्वेरियम दुकानांसाठी नियम आणले होते, पण विरोधानंतर ते काही महिन्यांतच मागे घेतले गेले. आफ्रिकन मांगूरवर बंदी आहे आणि उजनीकाठच्या बेकायदा तळ्यांवर कारवायाही झाल्या. पण घरच्या टाकीतून निघणाऱ्या माशाकडे कुणाचं लक्ष नाही. मत्स्यव्यवसाय विभागानं निदान दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: विकताना माशाची पूर्ण वाढ लिहिणं आणि नको असलेला मासा दुकानानं परत घेणं. पहिलीला फक्त एक स्टिकर लागतो.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. बुटका कोरीही परदेशीच आहे. तो लहान आहे म्हणून नदीत सोडायला मोकळीक मिळत नाही. फरक इतकाच की तो टाकीत मावतो, त्यामुळे त्याला सोडून देण्याची वेळच सहसा येत नाही.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

• हा मासा पूर्ण वाढल्यावर किती इंचांचा होतो?
• एकटा राहतो की घोळक्यात?
• दुकानात येऊन किती दिवस झाले? (आठवडा तरी झालेला असावा.)
• सध्या काय खातो? खाताना दाखवाल?
• नको झाला तर परत घ्याल?

शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर मासा पिशवीत भरून घेण्याआधी थांबा. आणि ज्यांच्या घरी आज मोठा झालेला सकर आहे, त्यांनी मोठी टाकी असलेला पाळणारा शोधावा किंवा दुकानदाराला गळ घालावी. कंबर तलाव, हिप्परगा किंवा भीमा हे त्याचं घर नाही. सोलापूरच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः उजनी आणि भीमेचं आहे. त्यात काय सोडायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.