खालची जमीन, खालची माणसं

उद्याच्या मुंबईची चित्रं निघालीत. हिरवी-निळी, गुळगुळीत. महापालिकेनं मार्च २०२२ ला हवामान कृती आराखडा काढला. २०५० पर्यंत म्हणे शहर शून्य उत्सर्जनाचं. झाडं, तळी, सायकली. असल्या चित्रांत माणसंही असतात, पण गटारात उतरलेला एकही नसतो. २०१३ चा कायदा माणूस गटारात उतरवू नका म्हणतो. तरी उतरवतात, आणि मरणारा आपलाच असतो.

दोस्तांनो, ही मुंबई म्हंजे मुळात सात बेटं आणि मधली दलदल. भराव टाकून जमीन केली, पण पाणी आपली जागा विसरलं नाही. गोदीत राबणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, आमची बोट भरती बघूनच आत येते. शहराचं गटारही भरतीच्याच हुकमात. जुनी गटारं बांधली ती ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून जाईल एवढ्याच हिशेबानं. मोठ्या भरतीला समुद्र उलटा आत शिरू बघतो. मग पंप लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. कुठला पंप पुरणार?

हे पाणी पोटात घ्यायला तिवरं होती, मिठागरं होती. मिठीच्या तोंडाशी दलदल होती, तिच्यावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उठवलं. आणि २००५ नंतर बोंब कुणाच्या नावानं? मिठीकाठच्या झोपड्यांच्या! पत्रा म्हंजे अतिक्रमण, काच म्हंजे विकास.

आता पुढचं ऐका. धारावीच्या पुनर्विकासात जे ‘अपात्र’ ठरतील त्यांच्या घरांसाठी कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरं द्यायला २०२४ साली केंद्रानं मंजुरी दिली. देवनारच्या डम्पिंगचीही जागा त्याच यादीत. म्हंजे पाण्याची उरलीसुरली जागा बुजवायची, आणि तिच्यावर चांभार, ढोर, मुसलमान, माळ्यावरचा भाडेकरू नेऊन उभा करायचा. उद्या तिथं पाणी तुंबलं की हेच ओरडणार, पूर या लोकांमुळं येतो. गावात महारवाडा गावकुसाबाहेर, शहरात नाल्याकाठी, आणि उद्याच्या शहरात मिठागरात. १९२७ ला महाडच्या तळ्याला आपला हात लागू देत नव्हते. आता सगळ्या शहराचं पाणी आपल्याच उंबऱ्यात सोडतायत.

पर्यावरणवाले मिठागरांसाठी भांडतात. भांडू देत, बरोबर आहे त्यांचं. पण फ्लेमिंगो म्हटलं की ज्यांचा गळा दाटतो त्यातले बरेच, ‘मग ती माणसं जायची कुठं?’ विचारलं की चहा मागवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. मिठागरं पाण्याला ठेवा. धारावीकराला पात्र-अपात्र न करता धारावीतच घर द्या, पाण्याच्या वर उचललेल्या जोत्यावर. हिंदमाताचं पाणी साठवायला दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्याच ना? मग तशाच टाक्या वांद्रे-कुर्ल्याच्या गाड्यांच्या तळघरांत का नकोत? ज्यानं पाण्याची जागा घेतली त्यानं पाणी ठेवून घ्यावं.

येत्या पावसाळ्यात साडेचार मीटरवरची भरती असेल त्या दिवशी कांजूरला चला. सोबत खडू घ्या. पाणी कुठवर येतं तिथं खूण करू, आणि तो आकडा घेऊन धारावीत गल्लीगल्लीत बैठका लावू.