गुणतक्ता आणि नकाशा

सामना सुरू व्हायला अर्धा तास असतो. गॅलरीत येऊन बसलेल्या माणसाला तोवर दोनच कामं असतात. आपला संघ यंदा कुठवर जाईल याचा हिशेब मांडायचा आणि जगात जे काही चाललंय त्यावर निकाल देऊन टाकायचा. उजव्या बाजूचा बचावपटू गेल्याच वर्षी विकायला हवा होता हे तो ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात कोणत्या देशाने कुठून सैन्य मागे घ्यावं हेही सांगतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला आलेला पेठेतला गडी असो, नाहीतर ग्लासगोच्या सेल्टिक पार्कमधला गोदी कामगाराचा नातू असो, खोड एकच. आणि त्यावर शहाण्यासुरत्यांचा आक्षेपही सगळीकडे एकच: तू आपल्या बचावफळीचं बघ, युद्धाचं बघायला दुसरे आहेत.

आक्षेप अगदीच पोकळ नाही, म्हणून तो नीट मांडून घ्यायला हवा. एक तर खेळ हा खेळ असतो, त्यात राजकारण शिरलं की तो नासतो. शिवाय समर्थक जात्याच पक्षपाती. रेफ्रीची शिट्टीसुद्धा ज्याला निःपक्षपाती वाटत नाही, तो दोन देशांच्या भांडणात काय न्याय करणार? आणि सगळ्यांत भारी मुद्दा असा की, गॅलरीतली भांडणं तिथेच राहत नाहीत, ती रणांगणात जातात. हा शेवटचा मुद्दा आला की दोन उदाहरणं ठरलेली असतात, १९६९ सालचं मध्य अमेरिकेतलं ‘फुटबॉल युद्ध’ आणि १९९० मधलं झाग्रेब. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

होंडुरास आणि एल साल्वादोर हे १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत समोरासमोर आले. ८ जून १९६९ रोजी तेगुसिगाल्पात होंडुरास १-० ने जिंकला, १५ जूनला सान साल्वादोरात एल साल्वादोर ३-० ने. दोन्हीकडे पाहुण्या खेळाडूंना रात्रभर झोपू दिलं नाही, दगडफेक झाली, झेंड्यांची विटंबना झाली. २७ जूनला मेक्सिको सिटीत जादा वेळेत एल साल्वादोरने ३-२ असा निकाल लावला आणि १४ जुलैला त्यांची विमानं होंडुरासवर बॉम्ब टाकायला निघाली. शंभर तासांच्या आसपास चाललेल्या या लढाईला वार्ताहरांनी फुटबॉलचं नाव दिलं आणि रिशार्ड कापुश्चिन्स्की या पोलिश पत्रकाराच्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं.

नाव चटकदार आहे, कारण मात्र खोटं आहे. एल साल्वादोर आकाराने होंडुरासच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि तरी लोकसंख्येने मोठा. चांगली जमीन मूठभर कॉफीवाल्यांच्या हातात, त्यामुळे सुमारे तीन लाख साल्वादोरी माणसं सीमा ओलांडून होंडुरासमध्ये जमीन कसत होती. होंडुरासने जमीनसुधारणा हाती घेतली तेव्हा बड्या जमीनदारांना आणि परदेशी केळी कंपन्यांना फारसा धक्का न लावता या उपऱ्या कुळांना हुसकावणं सोपं पडलं. त्यांचे लोंढे सामन्यांच्या आधीपासून परतत होते. तीन सामने झालेच नसते तर युद्ध टळलं असतं असं मानायला कसलाही आधार नाही. विश्वचषकात गेलेला एल साल्वादोर तिथे तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. सीमेचा वाद मात्र पुढे चालूच राहिला आणि १९९२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याचा निवाडा केला. दोष फुटबॉलवर ढकलला की जमिनीच्या वाटपाबद्दल कुणी काही विचारत नाही, ही सोय सगळ्यांनाच हवीशी होती.

झाग्रेबचं प्रकरण जास्त अवघड आहे. १३ मे १९९० रोजी मॅक्सिमिर मैदानावर डायनामो झाग्रेब आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांचा सामना पार पडू शकला नाही. खुर्च्या उखडल्या गेल्या, अश्रुधूर सुटला, आणि डायनामोचा कर्णधार झ्वोनिमिर बोबान एका पोलिसाला लाथ घालताना कॅमेऱ्यात पकडला गेला. या लाथेपायी त्या वर्षीचा विश्वचषक त्याच्या हातून गेला. मैदानाबाहेर आज एक स्मारक उभं आहे, युद्ध इथेच सुरू झालं असं सांगणारं. म्हणजे समर्थकांना हा आरोप नुसता मान्यच नाही, त्याचा अभिमानही आहे! पण आठवडाभर आधीच क्रोएशियात फ्रान्यो तुजमनच्या राष्ट्रवादी पक्षाने निवडणूक जिंकली होती, आणि युगोस्लाव्ह संघराज्याची शिवण त्याच्याही आधीपासून उसवत होती. खरी लढाई पेटली १९९१ मध्ये. मॅक्सिमिरवर जे दिसलं तो ताप होता, रोग जुना होता.

तरीही एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या दिवशी रेड स्टारच्या पाठीराख्यांचा म्होरक्या होता झेल्को राझ्नातोविच, म्हणजे कुप्रसिद्ध अर्कान. पुढे त्याने याच पाठीराख्यांतून पोरं उचलली, स्वतःचं सशस्त्र पथक उभं केलं आणि बोस्नियात जे केलं त्याबद्दल हेगच्या लवादाने त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं. इथे आक्षेपकाचा दावा सिद्ध होतो का? उलटंच होतं. अर्कानला गॅलरीत मिळाली ती हुकूम झेलणारी पोरं होती. घोषणा ठरलेल्या, शत्रू ठरलेला, शंकेला जागाच नव्हती. नकाशावर बोट ठेवून ‘हे गाव कुणाचं, आणि आपण तिथे का चाललोय’ असं विचारणारा एखादा पोरगा पथकाच्या कामाचा नव्हता. ‘तू फक्त संघाला ओरड’ असं सांगून गॅलरीला विचारापासून दूर ठेवलं, तर अशा म्होरक्यांचं काम सोपं होतं.

आता पहिला मुद्दा, खेळ वेगळा आणि राजकारण वेगळं. शाख्तार दोनेत्स्कच्या समर्थकाला हे सांगून पाहावं.

शाख्तार हा पूर्व युक्रेनच्या कोळसा पट्ट्यातला क्लब, नावाचाच अर्थ खाणकामगार. २००९ च्या मे महिन्यात त्याने इस्तंबूलमध्ये वेर्डर ब्रेमेनला हरवून यूएफा कप जिंकला, आणि ऑगस्टमध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांचं डॉनबास अरेना उघडलं. २०१२ च्या युरो स्पर्धेची स्पेन-पोर्तुगाल उपांत्य लढत तिथेच झाली. ब्राझीलहून कोवळे खेळाडू आणायचे, घडवायचे, मोठ्या क्लबांना विकायचे, असं क्लबचं गणित छान बसलं होतं. २०१४ मध्ये दोनेत्स्क फुटीरतावाद्यांच्या ताब्यात गेलं आणि संघ हजार किलोमीटरवरच्या ल्विव्हला निघाला. मग खार्किव्ह, मग कीव्ह. ‘घरचा सामना’ या शब्दातलं घर तेव्हापासून नाहीसंच झालं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने चढाई केली तेव्हा युक्रेनच्या लीगमध्ये शाख्तार डायनामो कीव्हच्या दोन गुणांनी पुढे होता. लीग तिथेच थांबली, विजेता कुणीच ठरला नाही. ब्राझिलियन खेळाडू बायकापोरांसह कीव्हच्या हॉटेलात अडकले. त्यांनी सुटकेची विनवणी करणारा व्हिडिओ काढला होता. पुढे फिफाने युक्रेनमधल्या परदेशी खेळाडूंना करार स्थगित करून दुसरीकडे खेळायची मुभा दिली. माणुसकीच्या बाजूने निर्णय बरोबरच होता, पण क्लबची सगळी पुंजी त्या करारांत होती. शाख्तारने पाच कोटी युरोंच्या भरपाईसाठी क्रीडा लवादाकडे धाव घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये दावा हरला. त्याच महिन्यात मिखाइलो मुद्रिक चेल्सीला विकला गेला, सात कोटी युरो रोख आणि पुढेमागे आणखी तीन कोटी. मालक रिनात अख्मेतोव्ह यांनी त्यातले अडीच कोटी डॉलर युद्धासाठी, मारियुपोलच्या अझोव्हस्ताल पोलाद कारखान्यात लढलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी, जाहीर केले. डाव्या बगलेवरचा खेळाडू विकला आणि पैसा आघाडीवर गेला. आता या समर्थकाने पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना युद्धाबद्दल बोलू नये, म्हणजे नेमकं कशाबद्दल बोलावं?

युद्ध दुसऱ्याचं असलं तरी गुणतक्ता हलतोच. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाचा संघ युरो स्पर्धेतून बाहेर पडला आणि सामने तोंडावर असताना डेन्मार्कला बोलावणं आलं. २६ जूनला गोथेनबर्गमध्ये जर्मनीला २-० ने हरवून डेन्मार्कने चषक उचलला. ती परीकथा सगळे सांगतात, तिच्या पहिल्या पानावर बोस्नियाच्या युद्धातलं साराजेव्हो आहे हे थोड्यांना आठवतं.

‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या संस्थांनी तरी ते कुठे पाळलं? २०१६ च्या ऑगस्टमध्ये सेल्टिकने इस्रायलच्या हापोएल बेर शेवाला ५-२ ने हरवलं, तेव्हा गॅलरीत पॅलेस्टाइनचे झेंडे फडकले. यूएफाने ते बेकायदा ठरवून दंड ठोठावला, साडेआठ हजार पौंडांच्या थोडा वर. २०२२ मध्ये त्याच यूएफाने चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला हलवली, रशियन संघांना बंदी घातली, आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये कर्णधारांच्या दंडावर युक्रेनच्या रंगांच्या पट्ट्या आल्या. यात गैर काहीच नव्हतं. पण मग ‘मैदानात राजकारण येत नाही’ हे वाक्य तरी मागे घ्यायला हवं होतं. राजकारण येतं. ते व्यासपीठावरून आलं तर एकजूट म्हणायची, गॅलरीतून आलं तर शिस्तभंग, एवढाच नियम उरतो.

कलकत्त्याला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा समोर गोरी पलटण होती आणि बागानचे एक सोडून सगळे अनवाणी खेळत होते. प्रेक्षकांनी ते नुसते दोन गोल म्हणून पाहावेत असं तेव्हाही कुणी म्हटलं असेलच.

राहिला पक्षपाताचा मुद्दा, आणि तो झटकून टाकता येत नाही. ५ मार्च २०२२ ला बर्नलीच्या मैदानावर युक्रेनसाठी टाळ्या चालू असताना चेल्सीच्या काही समर्थकांनी क्लबचा रशियन मालक रोमान अब्रामोविच याच्या नावाचा गजर केला. एकोणीस वर्षांत त्याने क्लबला दोन चॅम्पियन्स लीग दिल्या होत्या, हे खरं. पण ती वेळ त्याची नव्हती, असं चेल्सीचा तेव्हाचा प्रशिक्षक टॉमस टुखेल यानेही स्पष्ट सुनावलं. पाचच दिवसांत ब्रिटिश सरकारने अब्रामोविचवर निर्बंध लादले. क्लबला नवी तिकिटं विकता येईनात, खेळाडू घेता येईनात, बाहेरगावच्या सामन्याला प्रवासखर्च वीस हजार पौंडांवर नेता येईना. टाळ्यांच्या वेळी मालकाचं नाव घेणाऱ्याला तेव्हा कळलं असावं की आपल्या चषकांचा आणि त्या युद्धाचा धागा आपण समजलो त्यापेक्षा जवळचा आहे.

इथे गंमत अशी की, हाच माणूस स्वतःच्या संघाबद्दल बोलताना जराही भाबडा नसतो. आपला गोलरक्षक उंच चेंडूला घाबरतो, मधल्या फळीतला कर्णधार साठाव्या मिनिटाला दमतो, आणि यंदा चौथा क्रमांक मिळाला तरी नशीब, हे तो शत्रूपेक्षाही कडवटपणे सांगतो. दर शनिवारी निकाल लागतो आणि चुकीचा अंदाज मित्रांच्या लक्षात राहतो, म्हणून ही सचोटी अंगात मुरलेली असते. युद्धावर बोलताना ती गळून पडते. तिथे आपली बाजू निर्दोष, समोरची बाजू मुळातच वाईट. मालकाच्या तिजोरीला मात्र तो हातच लावत नाही.

म्हणून समर्थकाच्या मतावर आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा. त्याने युद्धावर बोलावं, आणि बचावफळीवर बोलतो तितक्याच निर्दयपणे बोलावं. स्वतःच्या क्लबपासून सुरुवात करावी: पैसा कुठून आला, छातीवरचं नाव कुणाचं, कोणाच्या बंदीने आपला फायदा झाला.

सेल्टिकच्या समर्थकांनी अशी एक वाट काढली होती. दंडाची बातमी आल्यावर ‘ग्रीन ब्रिगेड’ गटाने दंडाएवढी रक्कम पॅलेस्टिनींसाठी जमवायची ठरवली आणि जमले एक लाख सत्तर हजार पौंडांहून जास्त. ते वैद्यकीय मदतीला आणि बेथलेहेमच्या आयदा निर्वासित छावणीतल्या केंद्राला गेले. आयरिश स्थलांतरित गरिबांच्या पोटासाठी १८८७ मध्ये निघालेल्या क्लबच्या लोकांना हे सुचावं, यात नवल नाही. झेंडा फडकवायला दोन हात पुरतात, इथे माणसं खिशात हात घालायलाही तयार होती.

पण त्याच गॅलरीसमोर लिएल अबादा हा इस्रायली विंगर हिरवी-पांढरी जर्सी घालून धावत होता. ऑक्टोबर २०२३ नंतर एका बाजूला स्टँडमधले झेंडे, दुसऱ्या बाजूला हा क्लब सोड म्हणून मायदेशातून दबाव. मार्च २०२४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या शार्लटला निघून गेला. त्याने युद्ध सुरू केलं नव्हतं आणि त्याच्या जाण्याने ते थांबलंही नाही. झेंडे चूक होते असं यावरून ठरत नाही. पण आपल्या भूमिकेची किंमत आपल्याच संघातल्या कोणी मोजली, हा हिशेब समर्थकाने मांडायलाच हवा.

शाख्तारचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये, बहुतेक युक्रेनी पोरं घेऊन, त्याने लाइपझिगला त्यांच्याच मैदानावर ४-१ ने लोळवलं. ७ नोव्हेंबर २०२३ ला दोनेत्स्कपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, हॅम्बुर्गमधल्या ‘घरच्या’ सामन्यात बार्सिलोनाला १-० ने हरवलं. २०२४-२५ च्या हंगामासाठी घर पुन्हा बदललं आणि संघ गेल्सेनकिर्खेनला आला. ते मैदान शाल्क क्लबचं. शाल्कच्या छातीवर २००७ पासून रशियाच्या गाझप्रोमचं नाव होतं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये उतरवलं गेलं. १० डिसेंबर २०२४ ला तिथे बायर्न म्युनिकविरुद्ध शाख्तारने पाचव्याच मिनिटाला गोल केला आणि सामना १-५ असा गमावला. एक गोल वर असताना बचावफळी इतकी पुढे कशाला चढवायची, यावर त्यांचे समर्थक आजही वाद घालू शकतील.