एकाच पदार्थाची खानावळ

व्हिएतनामला जाऊन आलेल्या आपल्या अधिकारी मंडळींकडून हल्ली एक तक्रार वारंवार कानी येते. तेथील घरगुती खानावळींत म्हणे निवडीला वावच नाही! ठेंगणी स्टुले, पाटीवर एकाच पदार्थाचे नाव, चुलीशी आजी, वाढावयास सून. गिऱ्हाइकाने बसावे आणि समोर येईल ते खावे. त्यापेक्षा मोठ्या हॉटेलात जेवलेले बरे, तेथे सगळे व्हिएतनामी जेवण एकाच जागी मिळते, असा या मंडळींचा निर्वाळा आहे. तो चुकीचा तर आहेच. परंतु परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी तो विशेष अशोभनीय आहे.

मुळात सरसकट 'व्हिएतनामी जेवण' असे काही नाहीच. हॅनोईचा फो म्हणजे नितळ रस्सा आणि तांदळाच्या चपट्या शेवया. ह्वे ही १८०२ पासून १९४५ पर्यंत न्ग्वेन घराण्याची राजधानी; तेथील बुन बोला गवती चहाचा वास, मिरचीचा तिखटपणा आणि आंबवलेल्या जवळ्याचा उग्रपणा. हाय व्हानचा घाट उतरून दक्षिणेस यावे, तो मी क्वांग: हळदीने पिवळ्या केलेल्या रुंद शेवया, रस्सा जेमतेम बुडापुरता, वर शेंगदाणे आणि मोडून घातलेला तांदळाचा पापड. या पदार्थाला ज्याचे नाव मिळाले तो क्वांग नाम प्रांत २०२५ साली दा नांगमध्ये विलीन झाला. सरकारी दप्तरातून प्रांत गेला, वाडग्यात मात्र तो शाबूत आहे. राज्यपुनर्रचनेच्या फायली हाताळणाऱ्या खात्यांतील आपणांस याचे मर्म अधिक सांगावयास नको.

हे वाडगे राखले कोणी? हॉटेलांनी नव्हे. १९५४ साली देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडील लाखो माणसे दक्षिणेत गेली आणि फोही त्यांच्याबरोबर गेला. सायगावात त्याच्या शेजारी मोडांची आणि हिरव्या पाल्याची ताटली येऊन बसली. दक्षिणेचा फो निराळा झाला, पण नाहीसा झाला नाही. उत्तरेत खाजगी व्यापारावर निर्बंध आले. सरकारी दुकानांतील फोमध्ये मांसाचा तुकडाही नसे. वैमानिकाविना उडणाऱ्या अमेरिकी विमानांवरून हॅनोईकरांनी त्याला 'बिनवैमानिकाचा फो' असे नाव ठेवले. टंचाई हे त्याचे मोठे कारण होतेच. तथापि १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर व्यवहार मोकळे झाले, तेव्हा गल्लोगल्ली चुली पेटविल्या त्या कुटुंबांनीच. न्ग्वेन त्वान या लेखकाने १९५७ साली फोवर एक सबंध निबंध लिहिला होता. ज्या पदार्थावर साहित्यिकाने लेखणी झिजवावी, तो पदार्थ पन्नास पदार्थांच्या यादीत दडपून मागविणे ही रसिकता नव्हे.

होई आनमधील अशाच एका खानावळीत कोंबडीचा मी क्वांग मी खाल्ला आहे. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. पापड केव्हा मोडावयाचा, पाला किती घालावयाचा, लिंबू कधी पिळावयाचे, हे तेथील आजीबाईंनी हातानेच दाखविले. हॉटेलातील वाढपी आपण कसेही खाल्ले तरी हसतमुखच राहतो, कारण त्या पदार्थाचे बरेवाईट त्याला नसते. आजीबाईंना ते होते.

यावर आक्षेप येतो तो आचाराचा. फो आणि बुन बो यांत बहुधा गोमांस असते. ज्याला ते वर्ज्य आहे त्याने ते खाऊ नये, त्यात कमीपणा नाही. परंतु 'तेथे शाकाहाऱ्यास काही मिळतच नाही' हे खरे नव्हे. अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या प्रतिपदेस आणि पौर्णिमेस निरामिष जेवतात. 'चाय' या एका शब्दाची पाटी शोधावी. ती घरगुती खानावळींवरही असते, आणि ह्वेमध्ये तर या जेवणाची परंपराच आहे. न शोधता केलेल्या तक्रारीस आपल्या कचेरीत कोणी दाद देईल काय?

आता आपल्या घरात पाहू. दिल्लीत, कलकत्त्यात, मद्रासेत आपण हळहळतो की, या लोकांना मराठी जेवण म्हणजे वडापाव वाटतो. वऱ्हाडचे वडाभात, खानदेशचे भरीत, मालवणची सोलकढी यांतला भेद कोणी जाणत नाही. हळहळ खरी आहे. मग एखादे मराठी कुटुंब तेथे धीर करून खानावळ घालते, तेव्हा आपण काय करतो? पहिल्याच आठवड्यात विचारतो, 'पनीर नाही का?' महिन्याभरात पनीर येते, मागोमाग चाऊमीन येते, आणि वर्षाच्या आत भरताचे नाव फळ्यावरून पुसले जाते. ते पुसणारा हात मालकाचा असला तरी पुसावयास लावणारे आपण असतो.

जी माणसे होई आनच्या आजीबाईंकडे यादी मागतात, तीच दिल्लीच्या आपल्या काकूंकडे पनीर मागतात. पुढच्या बदलीच्या गावी एकाच पदार्थाची पाटी दिसली, तर निवडीचा हक्क घटकाभर बाजूस ठेवून बसावे, वाढतील ते खावे आणि पुन्हा जावे. खानावळी पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतात. कौतुकाच्या भाषणांवर आजवर एकही चूल पेटलेली नाही.