तुतारीने गोऱ्हा शिकत नाही

धानाच्या रोवणीचे दिवस आले की कुरखेडा तालुक्यात चिखलणीची एकच घाई उडते. नेमका तेव्हाच औताला जुंपलेला नवा गोऱ्हा बांधीच्या धुऱ्याशी अडतो. मग तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर पुठ्ठ्यात रुतते. ‘जनावराला माराचीच भाषा कळते,’ असं वर ऐकवलं जातं. घोडेवालेही हेच सांगतात.

हे म्हणणं घोड्याच्या मेंदूपाशीच ढासळतं. सुमारे 600 ग्रॅमच्या या मेंदूत बेत आखणारा पुढचा भाग माणसाच्या मानाने फार लहान असतो. ‘मुद्दाम अडला, खोडी केली’ हा आरोप म्हणूनच पोकळ आहे. घोडा काय, बैल काय, दोन्ही शिकार होणारे प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. घोड्याला भोवतालचं जवळजवळ 350 अंश दिसतं, बैलाला थोडं कमी. दिसत नाही ते शेपटीमागचं. टोचणारा तिथेच उभा असतो! गोऱ्हा उसळतो तो भीतीने.

शिकणं घडतं ते कासरा सैल होण्याच्या क्षणी. पाऊल पडताच ताण सुटला, तर चाललं की सुटका होते हे त्याच्या डोक्यात बसतं. पाऊल उचलल्यावरही आर टोचत राहिली, तर अडणं आणि चालणं त्याला सारखंच महागात पडतं. मग तो शिकणार काय?

‘जनावर ढ असतं’ हेही खोटं. नॉर्वेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 23 घोडे फळ्यांवरच्या खुणा दोन आठवड्यांत शिकले. अंगावर झूल हवी की नको, हे ते खुणेच्या फळीला नाक लावून सांगू लागले. केंब्रिजच्या संशोधकांनी 2004 साली कालवडींवर प्रयोग केला, तेव्हा फाटक उघडण्याची युक्ती साधू लागताच त्यांच्या हृदयाची गती वाढलेली आढळली. शिकण्याचा हुरूप गुरांनाही येतो.

रोवणीची घाई खरी आहे, ती कुणी नाकारू नये. पण गोऱ्हा चिखलणीच्या ऐन दिवशी जुंपायचाच कशाला? जाणता शेतकरी त्याला उन्हाळ्यातच मुरलेल्या बैलाच्या जोडीला लावतो, आधी मोकळं जू, मग हलका ओंडका ओढायला देतो. घाईच्या दिवसाची तयारी ती हीच.

शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, शौकीन सर्वोच्च न्यायालयाच्या 18 मे 2023 च्या निकालाकडे बोट दाखवतात. त्या निकालाने शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा टिकला, हे खरं. पण म्हणून तुतारीला मोकळीक मिळाली नाही. जनावर हाकण्यासाठी अणकुचीदार काठी वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांनीच बंदी घातली आहे. पटाच्या संयोजकांनी जोड्या सुटण्याआधी हाकणाऱ्याचे हात तपासावेत आणि आर सापडली तर ती जोडी दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर, उभीच करू नये.